स्काउट पथकातील प्रौढ नेतृत्व

स्काउट पथकातील प्रौढ नेतृत्व म्हणजे स्काउट आणि गाइड चळवळीत मुलामुलींच्या पथकांची जबाबदारी स्वीकारणाऱ्या प्रौढ व्यक्तींचे स्थान, त्यांची कर्तव्ये आणि त्यांच्या अधिकाराच्या मर्यादा. पथकाचे दैनंदिन काम मुलांनी स्वतः चालवावे आणि ते त्यांना सुरक्षितपणे चालवता येईल अशी परिस्थिती प्रौढांनी निर्माण करावी, हे या नेतृत्वामागील मूळ तत्त्व आहे. भारतात बहुसंख्य पथके शाळांशी जोडलेली असल्याने पथकाचा नेता हा बहुधा त्याच शाळेतील शिक्षक असतो. त्यामुळे शिक्षक आणि स्काउट नेता या दोन भूमिकांतील फरक समजून घेणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

संज्ञा

जुन्या मराठी लेखनात स्काउटसाठी ‘बालवीर’ आणि गाइडसाठी ‘वीरबाला’ हे शब्द रूढ होते. आज शाळांमध्ये ‘स्काउट’ आणि ‘गाइड’ हेच शब्द वापरले जातात. मुलांच्या पथकाच्या प्रमुखास स्काउटमास्टर आणि मुलींच्या पथकाच्या प्रमुखास गाइड कॅप्टन म्हणतात. लहान मुलांच्या कब पथकाचा प्रमुख कबमास्टर, तर बुलबुल पथकाची प्रमुख फ्लॉक लीडर असते. तरुणांच्या रोव्हर आणि रेंजर विभागांत रोव्हर लीडर आणि रेंजर लीडर ही पदे असतात.

कब विभागात नेत्यास ‘अकेला’ म्हणून संबोधण्याची प्रथा आहे. हे नाव रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) या पुस्तकातील लांडग्यांच्या कळपाच्या म्होरक्यावरून घेतलेले आहे. त्या कथांची पार्श्वभूमी असलेला सिवनीचा डोंगराळ प्रदेश भंडारा जिल्ह्यातील तुमसरच्या उत्तरेस, आजच्या मध्य प्रदेशात आहे.

उगम

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर प्रायोगिक शिबिर घेतले. निरनिराळ्या सामाजिक स्तरांतील सुमारे वीस मुलांच्या त्यांनी चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळी तिच्यातीलच एका मुलाच्या हाती सोपवली. १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून ठिकठिकाणी मुलांनी आपापल्या टोळ्या उभ्या केल्या आणि त्यानंतर स्काउटमास्टर होण्यास कोणी प्रौढ तयार आहे का, याचा शोध घेतला. चळवळीच्या आरंभी अनेक ठिकाणी टोळी आधी आणि नेता नंतर असा क्रम होता. प्रौढ नेत्याकडे साहाय्यक म्हणून पाहण्याची दृष्टी या क्रमाशी सुसंगत आहे.

बेडन-पॉवेल यांनी पुढे नेत्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक लिहिले. स्काउटमास्टरने हुकूम सोडणारा लष्करी अधिकारी किंवा धडा घेणारा मास्तर न होता मोठ्या भावाप्रमाणे वागावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मोठा भाऊ बरोबरीने खेळतो, प्रसंगी रागावतो, परंतु धाकट्याच्या वाट्याचे काम स्वतः करून टाकत नाही.

टोळी पद्धती

प्रौढांची भूमिका टोळी पद्धतीवरून ठरते. सहा ते आठ मुलांच्या गटास पॅट्रोल, म्हणजे टोळी किंवा संघ म्हणतात. टोळीचा एक नायक आणि एक उपनायक असतो. अशा काही टोळ्या मिळून पथक बनते. सर्व टोळीनायकांच्या सभेस ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात. पथकाचा कार्यक्रम ठरवणे, खर्चाचा विचार करणे आणि शिस्तभंगाच्या बाबींवर निर्णय घेणे ही या सभेची कामे आहेत. स्काउटमास्टर तेथे सल्लागार म्हणून उपस्थित राहतो. मुलांच्या सुरक्षिततेला किंवा चळवळीच्या नियमांना बाध येत असेल तेव्हाच त्याने निर्णय रोखावा, असा संकेत आहे.

या रचनेत प्रौढाचे मुख्य काम टोळीनायकांना तयार करण्याचे असते. गाठ बांधणे, तंबू उभारणे, नकाशा वाचणे किंवा प्रथमोपचार करणे यांपैकी जे शिकवायचे ते तो आधी नायकांना शिकवतो आणि नायक ते आपल्या टोळीस शिकवतात. एका प्रौढाने तीस मुलांना समोर बसवून तीच गाठ शिकवली तर वेळ कमी लागेल; परंतु चौदा वर्षांच्या मुलास दुसऱ्याला शिकवण्याची, त्याच्या चुका सोसण्याची आणि त्याची जबाबदारी घेण्याची जी संधी मिळते, ती त्यात नाहीशी होते.

निर्णयांची वाटणी

कोणता निर्णय मुलांचा आणि कोणता प्रौढाचा, हे एखाद्या हाइकच्या तयारीवरून स्पष्ट होते. उदाहरणार्थ, तुमसर येथील एखाद्या पथकाने तालुक्यातील अंबागड किल्ल्यावर जाण्याचे ठरवले, तर कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या टोळीने काय शिधा आणायचा, स्वयंपाक कोणी करायचा आणि सायंकाळच्या शेकोटीत काय सादर करायचे हे टोळ्यांनी ठरवावयाचे असते. भातात मीठ जास्त झाले किंवा चूल पेटण्यास उशीर झाला, तर तो मुलांच्या शिक्षणाचा भाग मानला जातो; तेथे प्रौढाने मध्ये पडू नये.

याउलट मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घेणे, स्थळाची आधी पाहणी करणे, पिण्याच्या पाण्याची आणि जवळच्या रुग्णालयाची माहिती ठेवणे, प्रथमोपचार पेटी तपासणे आणि पुरेसे प्रौढ सोबत असल्याची खात्री करणे ही नेत्याची कामे आहेत. ती टोळीनायकावर सोपवता येत नाहीत. विदर्भातील उन्हाळ्याची तीव्रता लक्षात घेऊन दुपारची चाल टाळणे, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलभागात वनविभागाची परवानगी घेणे आणि पावसाळ्यात वैनगंगा किंवा बावनथडी नदीच्या पात्रात उतरण्यास मनाई करणे, हे निर्णयही प्रौढांचेच असतात. अशा बाबी मतदानास टाकल्या जात नाहीत.

सुरक्षितता

मुलांना स्वातंत्र्य देणे म्हणजे देखरेख सोडणे नव्हे, हे चळवळीला कटू अनुभवांतून शिकावे लागले. ऑगस्ट १९१२ मध्ये इंग्लंडमधील लेज्डाउन येथे शिबिरासाठी निघालेल्या पथकाची नौका उलटून नऊ मुले बुडाली. पाणी, आग, उंच कडे आणि रस्त्यावरील वाहतूक यांबाबत अंतिम जबाबदारी प्रौढांकडेच राहते.

सुरक्षिततेचा दुसरा पैलू प्रौढांच्या स्वतःच्या वर्तनाचा आहे. जागतिक स्काउट संघटनेचे ‘सेफ फ्रॉम हार्म’ हे धोरण मुलांना शारीरिक, मानसिक आणि लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देण्याशी संबंधित आहे. प्रौढाने एकट्या मुलासोबत एकांतात न राहणे, प्रौढ आणि मुले यांच्या झोपण्याची व्यवस्था स्वतंत्र ठेवणे, अपमानकारक शिक्षा न करणे आणि मुलाने केलेली तक्रार दडपून न टाकणे, हे मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी सर्वमान्य दंडक आहेत. भारतात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) हा कायदा पथकातील प्रौढांनाही लागू होतो. अशा अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल या भीतीने प्रकरण आपापसांत मिटवणे हा त्यामुळे कायद्याचा भंग ठरतो.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात स्काउट चळवळीचा आरंभ १९०९ मध्ये झाला. सुरुवातीच्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संघटना स्थापन झाली आणि १९५१ मध्ये गाइड शाखा तिच्यात विलीन झाली.

भंडारा जिल्हा स्वातंत्र्यपूर्व काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. या प्रांताच्या स्काउट संघटनेची धुरा १९२० आणि १९३० च्या दशकांत नागपूरचे विधिज्ञ आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले विवियन बोस यांनी प्रथम प्रांतिक सचिव आणि नंतर प्रांतिक आयुक्त म्हणून सांभाळली. या सेवेबद्दल त्यांना ‘सिल्व्हर वुल्फ’ हा चळवळीतील सर्वोच्च सन्मानांपैकी एक सन्मान मिळाला. शिक्षकी पेशाबाहेरील व्यक्तीने आपल्या व्यवसायाचा भार सांभाळून स्वयंसेवक म्हणून केलेल्या स्काउटकार्याचे हे विदर्भातील महत्त्वाचे उदाहरण आहे.

महाराष्ट्रात आज मुख्यतः शालेय पथके कार्यरत आहेत. मुले प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान आणि तृतीय सोपान या पायऱ्या चढत राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जातात. ‘खरी कमाई’ या उपक्रमात मुले स्वतः श्रम करून किंवा पदार्थ तयार करून विकून पैसे मिळवतात. या उपक्रमात पालकांनी घरून पैसे देणे किंवा शिक्षकांनी मुलांचा माल स्वतःच खरेदी करून टाकणे हे उपक्रमाच्या हेतूशी विसंगत आहे.

प्रशिक्षण

नेत्यांच्या प्रशिक्षणासाठी १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये गिलवेल पार्क हे केंद्र सुरू झाले आणि तेथूनच ‘वुड बॅज’ची परंपरा निर्माण झाली. भारतात बेसिक आणि ॲडव्हान्स अभ्यासक्रमांनंतर ‘हिमालय वुड बॅज’ मिळवता येतो. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशातील पचमढी येथे आहे. या अभ्यासक्रमांत प्रौढांच्याही टोळ्या केल्या जातात. त्यांना स्वतः तंबूत राहून, स्वयंपाक करून आणि आपल्यातील एकाच्या नेतृत्वाखाली काम करून टोळी पद्धतीचा अनुभव घ्यावा लागतो.

अडचणी आणि मतभेद

शालेय पथकांतील पहिली अडचण भूमिकांच्या सरमिसळीची आहे. वर्गात शिक्षकाचा शब्द अंतिम असतो. मैदानावर त्याच शिक्षकाने चौदा वर्षांच्या टोळीनायकाचा निर्णय मान्य करावा, अशी अपेक्षा असते. हा बदल मुलांनाही सहज जमत नाही. ‘सर, आता काय करू?’ या प्रश्नाला ‘तुझ्या नायकाला विचार’ असे उत्तर देणे हा स्काउट नेत्याचा महत्त्वाचा सराव मानला जातो.

दुसरी अडचण नेमणुकीची आहे. स्काउटिंग हे स्वेच्छेचे कार्य आहे. परंतु आवड नसलेल्या शिक्षकावर पथक सोपवले गेले, तर ते प्रामुख्याने ध्वजवंदन आणि पाहुण्यांच्या स्वागतापुरते उरण्याचा धोका असतो. अध्यापन, परीक्षा आणि इतर शासकीय कामे सांभाळताना शिक्षकाला मैदानासाठी वेळ मिळणे कठीण असते, ही बाजूही लक्षात घ्यावी लागते. पालक, माजी स्काउट आणि रोव्हर यांना सहायक नेते म्हणून तयार करणे हा यावरील एक उपाय आहे.

तिसरा मुद्दा पुरस्कारांचा आहे. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइडसाठी राखीव कोटा असल्याने प्रमाणपत्राला व्यावहारिक मोल आले आहे. रोजगाराच्या संधी मर्यादित असलेल्या ग्रामीण भागातील कुटुंबांच्या दृष्टीने हे मोल दुर्लक्षणीय नाही. मात्र मुलाची नोंदवही प्रौढानेच भरून देणे किंवा न केलेल्या हाइकचा अहवाल लिहून घेणे, यामुळे विश्वासार्हता या स्काउटच्या पहिल्याच नियमाचा भंग होतो आणि तो भंग मूल आपल्या नेत्याकडूनच शिकते. त्यामुळे एखादा पुरस्कार लांबणीवर पडला तरी कौशल्य खरोखर आल्याशिवाय नोंदीवर स्वाक्षरी न करणे, हे प्रौढ नेत्याचे कर्तव्य समजले जाते.