विश्वाच्या प्रतिरूपणांची आधारसामग्री

विश्वाची उत्क्रांती प्रयोगशाळेत घडवून पाहता येत नाही; म्हणून ती गणकयंत्रात घडवावी लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिलेनियम’ या प्रतिरूपणात सुमारे हजार कोटी कणांचा गुरुत्वाकर्षणाने झालेला प्रवास मोजलेला आहे. त्याची आधारसामग्री पुढे खुली झाल्याने महागणक नसलेल्या धर्माबादच्या अभ्यासकासही तीवर काम करता येते. पुण्याच्या आयुका व पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी उभारलेल्या आभासी वेधशाळेमागे, प्रत्यक्ष वेधांपुरता, हाच विचार होता.

तथापि नुसते आकडे देणे म्हणजे आधारसामग्री देणे नव्हे. कृष्णद्रव्याच्या पुंजक्याची कड कोठे मानावयाची? कोणी घनतेची मर्यादा ठरवितो, तर कोणी ठराविक अंतराच्या आतील कण साखळीने जोडीत जातो. एकाच विश्वातून मग दोन निराळ्या याद्या निघतात. (सामासिक शब्द एक मोजावा की दोन, ही अडचण बोलींच्या अभ्यासकास परिचयाचीच आहे.) एककांचेही तेच. ‘मिलेनियम’मधील वस्तुमाने हबल-स्थिरांकाशी निगडित एककांत दिलेली आहेत; हे ध्यानी न घेता ती वापरणाऱ्याचे उत्तर चतुर्थांशाहून अधिक चुकते. व्याख्या, एकके आणि गणनेची रीत ही सामग्रीचीच अंगे होत. ‘इलस्ट्रिस-टीएनजी’ची सामग्री २०१८ च्या अखेरीस खुली झाली, ती रकान्यारकान्याचा अर्थ व एकक यांसह.