कडं पुसल्यावर उरते ती कवडी

1758 साली लिनियसने दोन लहान कवड्यांना वेगवेगळी नावं दिली. एक मोनेटा, देवघेवीत चालणारी. दुसरी अ‍ॅन्युलस, पाठीवर केशरी-सोनेरी कडं असलेली. तेव्हापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या या समुद्री गोगलगायी ओळखताना आधी कडं बघितलं जातं. ही खूण जितकी ठळक तितकीच दगा देणारी आहे, असं माझं मत आहे. मोनेटाच्या पाठीवरही पुष्कळदा फिकट पिवळं कडं दिसतं आणि लाटांनी झिजलेल्या अ‍ॅन्युलसवर ते उरत नाही. त्यात पश्चिम आफ्रिकेत दोऱ्यात ओवण्यासाठी कवडीची पाठच फोडून टाकत. आपल्याकडे तुळजाभवानीच्या भक्तांच्या माळेतली कवडीही पाठीकडून नव्हे, कडांवरून आणि तळावरून तपासावी.

याचं कारण तिच्या वाढीत आहे. कोवळ्या कवडीचं कवच पातळ असतं, ओठ धारदार आणि दात नसलेला. वयात आली की ओठ आत वळतो, दात उमटतात आणि लांबी वाढायची थांबते. पुढे अंगावरचं मांसल आवरण दोन्ही बाजूंनी वर येऊन कवचावर थर चढवत राहतं, चकाकी त्याचीच. पाठीचा रंग हा त्यातला वरवरचा भाग, म्हणून आधी जातो. मोनेटाच्या कडांवर मात्र जाड गाठी येऊन आकार कोनदार होतो, अ‍ॅन्युलस बहुधा अंडाकृती राहते.

मोनेटाचा आकार जागेगणिक बदलतो, काही तर गुळगुळीतच असतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच एका कवडीवरून निकाल देऊ नये, सगळा ढीग पाहावा. डीएनए असताना कवचाची उठाठेव कशाला, असंही विचारलं जातं. पण 2005 साली मेयर आणि पॉले यांनी कवड्यांवरच डीएनए बारकोडिंगची कसोटी घेतली, तेव्हा ज्या गटांचे नमुने भरपूर जमले आहेत आणि ज्यांचं वर्गीकरण आधीच पक्कं आहे, तिथेच ही पद्धत भरवशाची ठरली. म्हणजे आधी कवचं नीट पारखलेली हवीतच.

आणि ही पारख निव्वळ हौसेची नाही. मालदीवच्या उथळ पाण्यात मोनेटाचीच रेलचेल. तिथली कवडी बंगालमध्ये चलन म्हणून चाले, युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जाई आणि तिच्या मोबदल्यात माणसं गुलाम म्हणून विकत घेतली जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झांझिबारकडची अ‍ॅन्युलस तिथे प्रचंड प्रमाणात ओतली गेली आणि कवडीची किंमत घसरली. उत्खननातल्या पाठफुटक्या ढिगात कोणती कवडी जास्त आहे, यावरून तो माल कोणत्या समुद्रातून आणि साधारण कोणत्या काळात आला, याचा अंदाज बांधता येतो.