घशात गोळा असल्याची संवेदना

घशात गोळा असल्याची संवेदना (वैद्यकीय नाव: ग्लोबस फॅरिंजिस) म्हणजे घशात प्रत्यक्ष काहीही नसताना तेथे गोळा, केस किंवा भाताचे शीत अडकल्यासारखे वाटणे. अन्नपाणी सहज गिळता येते. जेवताना ही संवेदना बहुधा कमी होते आणि नुसती लाळ गिळताना अधिक जाणवते. पूर्वी तिला 'ग्लोबस हिस्टेरिकस' म्हणत. ती केवळ मानसिक नसते, हे लक्षात आल्यावर १९६८ पासून आजचे नाव रूढ झाले. जठरातील आम्ल वर येणे, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या स्नायूचा ताण आणि मनावरील ताण यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो.

प्रतिमा-तपासण्या

निदानाचा पाया रुग्णाची हकीकत, मान चाचपून पाहणे आणि नाकावाटे दुर्बीण घालून केलेली घशाची तपासणी हा आहे. या तिन्हींत काही न आढळल्यास पुढील चित्रण सहसा लागत नाही.

* बेरियम तपासणी : रुग्ण बेरियम सल्फेटचे पांढरे द्रावण गिळत असताना क्ष-किरणांनी चित्रण करतात. अन्ननलिकेतील अरुंदपणा किंवा घशालगतची पिशवी यात दिसते. मात्र श्लेष्मल त्वचेवरील लहान गाठ निसटू शकते. त्यामुळे केवळ या तपासणीवरून कर्करोग नसल्याची खात्री देता येत नाही.
* सोनोग्राफी : मानेत गाठ लागल्यास किंवा थायरॉइड वाढलेली असल्यास उपयुक्त. यात किरणोत्सर्ग नसतो.
* सीटी स्कॅन व एमआरआय : दुर्बिणीतून संशयास्पद भाग दिसल्यास त्याची खोली व प्रसार पाहण्यासाठी.

धोक्याची लक्षणे

घास अडकणे, गिळताना दुखणे, वजन घटणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसणे, मानेत गाठ, थुंकीतून रक्त किंवा एकाच बाजूचा सततचा त्रास असल्यास तो निव्वळ ग्लोबस समजू नये. त्वरित तपासणी आवश्यक ठरते.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

विदर्भात तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. तंबाखू आणि सुपारी हे दोन्ही कर्करोगकारक आहेत. त्यामुळे खर्रा खाणाऱ्याच्या अशा तक्रारीत दुर्बिणीची तपासणी टाळणे योग्य नसते. जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय ही दोन वैद्यकीय शिक्षणकेंद्रे रुग्णालयांसह कार्यरत आहेत.

उपचार

गंभीर आजार नसल्याचे समजावून सांगणे, हा उपचाराचा मुख्य भाग होय. वारंवार घसा खाकरणे टाळणे, घोट-घोट पाणी पिणे आणि आम्लपित्त असल्यास त्यावर औषध घेणे यांचाही उपयोग होतो.