नऊ की पंचेचाळीस?

अमेरिकेत पिस्तूल घ्यायचं म्हटलं की पहिली मारामारी होते ती कॅलिबरवरून. पण हा आकडा खरंच एवढा महत्त्वाचा असतो का?

.२२, .३८०, ९, .४०, .४५... घाबरू नका, हे मटक्याचे आकडे नाहीत. टेक्सासमध्ये शनिवारी संध्याकाळी बार्बेक्यूभोवती चार जण जमले की गप्पांची गाडी ज्या स्टेशनवर हमखास थांबते, ते स्टेशन म्हणजे कॅलिबर. आपल्याकडे पहिली बाइक घेताना शंभर सीसी की दीडशे, यावर अख्खं ऑफिस फुकट सल्ला देतं ना, तस्सं! प्रत्येकाचं मत ठाम. आणि दुसऱ्याचं साफ चूक.

मी डॅलसजवळ राहते, आयटीत आहे. आमचं ग्रीन कार्ड आलं आणि पार्टीत पेढे संपायच्या आत एकाने विचारलं, ‘मग आता कुठली घेणार? नाइन की फॉर्टी-फाइव्ह?’ गंमत बघा, ‘घेणार का?’ असं कोणी विचारलंच नाही. सगळे थेट ‘कुठली’वर. आमचा आयटीवाल्यांचा स्वभाव असा, की मोबाइल घ्यायचा तरी एक्सेल शीट लागते. तेव्हा मी वाचलं, माहीतगारांना विचारलं, रीतसर क्लास केला आणि चार वेगवेगळ्या कॅलिबरची पिस्तुलं स्वतः चालवून बघितली. त्याचा हा हिशेब.

कॅलिबर म्हणजे काय रे भाऊ?

सोप्पं आहे. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी. आपल्याकडे लायसन्सवर ‘बोअर’ म्हणतात तेच. .४५ म्हणजे इंचाचे शंभरातले पंचेचाळीस भाग, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलीमीटर. .४० म्हणजे सुमारे दहा मिलीमीटर. नऊ एमएम म्हणजे नऊच.

पण खरी मजा पुढे आहे. .३८०, ९ एमएम, .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही चार वेगळी नावं ऐकून वाटतं, चार वेगळ्या जाडीच्या गोळ्या असतील. प्रत्यक्षात चौघींची जाडी जवळपास सारखीच, नऊ मिलीमीटरच्या आसपास! फरक आहे तो मागच्या काडतुसाच्या लांबीत, दारूच्या दाबात आणि गोळीच्या वजनात. म्हणजे नुसत्या आकड्यावरून ताकद ओळखणं हे इंजिन न बघता टायरवरून गाडीचा वेग ठरवण्यासारखं झालं.

आता नऊ आणि पंचेचाळीस शेजारी ठेवू. नऊ एमएमची नेहमीची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. .४५ची गोळी जवळपास १५ ग्रॅमची, पण वेग २६० मीटरच्या आसपास. एक हलकी आणि चपळ, दुसरी जाडजूड आणि निवांत. शाळेतलं फिजिक्स आठवून ऊर्जा काढलीत तर दोघींची साधारण ५०० जूल. बरोबरी! .३८० मात्र बरीच मागे, जेमतेम निम्म्यावर. आणि जाडीतला फरक? अडीच मिलीमीटरही नाही. तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवा, साधारण तेवढा.

मग पंचेचाळीसचा एवढा दबदबा का?

त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकन सैनिकांची तक्रार होती, की आमच्या .३८ रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही समोरचा थांबत नाही. १९०४ मध्ये लष्कराने शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि दवाखान्यातल्या मृतदेहांवर चाचण्या केल्या आणि निकाल दिला, गोळी .४५च्या खाली नको. मग जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं .४५चं पिस्तूल १९११ मध्ये लष्कराने स्वीकारलं. त्याचं नावच ‘१९११’. दोन महायुद्धं, शेकडो हॉलिवूडपट... दबदबा होणारच!

१९८५ मध्ये लष्कराने ते बाजूला ठेवून ९ एमएमचं बेरेटा घेतलं, तेव्हा जुन्या मंडळींना जावयाने गाडी विकून सायकल घेतल्याइतकं दुःख झालं. पण २०१७ मध्ये नवं पिस्तूल निवडतानाही लष्कराने ९ एमएमच कायम ठेवली.

मायामीतली पाच मिनिटं

या वादातला सगळ्यात मोठा ट्विस्ट आला ११ एप्रिल १९८६ रोजी. मायामीच्या उपनगरात सकाळी साडेनऊच्या सुमारास एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन बँक दरोडेखोरांची गाडी अडवली. पाच मिनिटांच्या आत शंभरावर गोळ्या सुटल्या. दोन एजंट ठार, पाच जखमी. दोन्ही दरोडेखोरही मेले, पण त्यातल्या एकाने सुरुवातीलाच जबर जखमी होऊनही रायफल चालवणं थांबवलं नाही. एजंटची ९ एमएमची एक गोळी त्याच्या दंडातून छातीत शिरली होती आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली होती.

खापर फुटलं गोळीवर. एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या सुरू केल्या आणि नियम केला, की गोळी किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच आत गेली पाहिजे. आधी आली १० एमएम. ती इतकी दणकट की भल्याभल्यांचे हात दुखले. मग तिचंच काडतूस आखूड करून १९९० मध्ये .४० आली. देशभरातली पोलीस खाती तिच्यामागे धावली.

आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच ट्रेनिंग विभागाने काय सांगितलं? परत नऊ एमएमवर या! कारण मधल्या काळात गोळ्याच सुधारल्या होत्या. टोकाशी पोकळ असलेली ‘होलो पॉइंट’ गोळी शरीरात शिरताच छत्रीसारखी उघडते आणि फार पुढे जात नाही. या नव्या गोळ्यांमुळे ९, .४० आणि .४५ यांच्या जखमांमध्ये सांगण्यासारखा फरक उरला नाही, असं त्यांचं म्हणणं. उलट नऊ एमएमचा धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त आणि नेम चांगला.

त्याच अहवालातला एक आकडा मात्र मला कॅलिबरपेक्षा जास्त लागला. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या गोळ्यांपैकी सरासरी फक्त २० ते ३० टक्के लक्ष्यावर लागतात. हे पगार घेऊन ट्रेनिंग करणारे लोक, बरं का. उरलेल्या गोळ्या कुठे जातात, याचा विचार बार्बेक्यूभोवती कोणी करत नाही.

रेंजवरचा हिशेब

थिअरी झाली, आता प्रॅक्टिकल. कानांवर मफ, डोळ्यांवर गॉगल, समोर साडेसहा मीटरवर कागदी लक्ष्य. आमची इन्स्ट्रक्टर म्हणजे साठीची, निवृत्त पोलीस बाई. चेहरा शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखा, ओरडणंही तसंच!

.२२ म्हणजे नुसतं फटाकड्यांचं पाकीट. धक्का नावाला. माझ्या दहाच्या दहा गोळ्या बशीएवढ्या गोलात.

मग ९ एमएम, मध्यम आकाराचं ग्लॉक १९. दणका जाणवतो, पण दोन मॅगझिननंतर हात सरावतो. ताटाएवढ्या गोलात बहुतेक गोळ्या.

.४५चं १९११ बघून छाती धडधडली होती. पण हे लोखंडी धूड रिकामंच किलोभराच्या वर, त्यामुळे धक्का थप्पड मारल्यासारखा नाही, ढकलल्यासारखा येतो. चक्क आवडलं! फक्त गोळ्या सात. आणि सरावाची गोळी नऊ एमएमपेक्षा बरीच महाग.

खरा दगा दिला तो चिमुकल्या .३८०ने. पाव किलोच्या आसपासचं, पर्समध्ये मावणारं गोंडस पिस्तूल. दुकानदार बायकांच्या हातात हेच देतात. पण हलकं पिस्तूल दणका स्वतः पचवत नाही, सगळा तुमच्या तळहातात उतरवतो. पकडायला दोनच बोटं बसतात, नेम धरायची खूण इवलीशी. माझ्या गोळ्या कागदभर पांगल्या. बाई हसल्या आणि रेंजवरची जुनी म्हण सांगितली, ‘हुकलेल्या .४५पेक्षा लागलेली .२२ बरी.’

तात्पर्य काय, तर छोटं कॅलिबर म्हणजे सोप्पं पिस्तूल नव्हे. कॅलिबर, वजन आणि तुमचा पंजा, तिन्ही जमायला हवं.

रोज कमरेला बाळगायचं म्हणजे...

सिनेमातला हीरो कोट उडवत चालतो. टेक्सासच्या चाळीस डिग्रीत टी-शर्टखाली पिस्तूल लपवून बघा! म्हणून रोजच्या वापरासाठी लोक छोटी पिस्तुलं घेतात. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी३६५ने इथे क्रांतीच केली. अर्धा किलो वजन आणि ९ एमएमच्या दहा गोळ्या मॅगझिनमध्ये. तेव्हापासून .३८०ची गरज बऱ्याच जणांना वाटेनाशी झाली.

चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच. पर्समध्ये लिपस्टिक आणि किल्ल्यांच्या सोबत मोकळं पिस्तूल टाकणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. बरं, बहुतेक ऑफिसांत ते आत नेता येत नाही. मग दिवसभर गाडीत. आणि अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांपैकी खूपशा गाड्यांमधूनच जातात.

अजून एक. इथल्या घरांच्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात, ड्रायवॉलच्या असतात. ९ असो, .४० असो की .४५, हुकलेली गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. पलीकडे शेजाऱ्याचं बाळ झोपलेलं असू शकतं. तिथे कॅलिबर विचारायला कोणी येत नाही.

आधी व्हिसा बघा!

ऑनसाइट जाणाऱ्यांनी हे कापून फ्रिजवर लावावं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. हे ऐकून हुरळून जाऊ नका. एच-वन, एल-वन, स्टुडंट असे नॉन-इमिग्रंट व्हिसा असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. वैध शिकार लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. मित्राच्या आग्रहाखातर रेंजवर ‘एकदाच ट्राय करू’ म्हणणंही महागात पडू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, पण राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. टेक्सासमध्ये जे चालतं, ते न्यू जर्सीत तुरुंगात नेऊ शकतं.

आणि आपल्याकडे?

पुण्या-मुंबईत हा वाद रंगतच नाही, कारण सरकारने तो आधीच मिटवलाय. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार ९ एमएम आणि .४५ ही लष्करी कॅलिबर्स सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. लायसन्स मिळालंच तर बहुधा .३२वर समाधान मानायचं. २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही .३२च. किंमत लाखाच्या वर! डॅलसचा चुलतभाऊ ‘नाइन घेतली’ म्हणून फुशारक्या मारतो, तेव्हा इथल्याला नुसतं ऐकूनच घ्यावं लागतं.

खरा प्रश्न

आता शेवटचा आकडा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या खुनांची संख्या २०,९५८. आणि आत्महत्या? २६,३२८. म्हणजे निम्म्याहून जास्त. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो. दुसरी संधी मिळत नाही. आपण दार फोडून येणाऱ्या चोराची तयारी करत असतो. आकडे सांगतात, धोका बऱ्याचदा घरातच, एखाद्या वाईट रात्रीच्या रूपात बसलेला असतो.

आमच्या घरात तेरा वर्षांचा मुलगा आहे. या वयात एका मार्कावरून जग बुडतं. पिस्तूल तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवल्या तर मध्यरात्री हाताशी यायला वेळ लागणार. उशाशी ठेवलं तर माझ्याआधी त्याच्या हाती लागणार. नवरा आणि मी हा हिशेब तीन रात्री मांडला. शिवाय नोकरी, घर, पोराची क्लासेस सांभाळून दर महिन्याला रेंजवर जाणं मला जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही घेतलं नाही. अंगणात सेन्सरचे दिवे आणि दारावर कॅमेरा लावला, चौकटीला लांब स्क्रू ठोकून घेतले.

माझ्या एका मैत्रिणीने मात्र घेतलं. ती एकटी राहते, रात्री दोनला हॉस्पिटलची ड्यूटी संपवून घरी येते. बटणांची छोटी तिजोरी आहे, महिन्यातून दोनदा रेंजवर जाते. तिचा निर्णय मला पटतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘कुठलं घेऊ?’ असं विचारलं तर त्यालाच दोन प्रश्न विचारा. घरात कोण कोण असतं? आणि रेंजवर किती वेळा जाशील? बहुतेक जण तिथेच विषय बदलतात. उरलेल्यांना कॅलिबर सांगायला पाच मिनिटं पुरतात. नऊ एमएम, बॉस. आणि चांगलं कुलूप.