बातमी देण्याचं काम बदललं. आपली मुलं त्यात कुठे आहेत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, बी.एड., फार तर एमपीएससी. कुणी पत्रकारितेचं नाव काढलं तर घरातले मोठे लगेच विचारतात, "त्यात काय ठेवलंय? पगार किती मिळणार?" प्रश्न चुकीचा नाही. पण ज्या पत्रकारितेबद्दल आपण तो विचारतो, ती गेल्या पंधरा वर्षांत बरीच बदलली आहे. शिवाय ज्या समाजाबद्दल रोज एवढं छापलं आणि दाखवलं जातं, त्या समाजाची किती मुलं ते छापणाऱ्यांत आहेत? हा प्रश्नही पगाराच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ या.

हा पेशा आपल्याला परका नाही

6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. उर्दूतलं पहिलं वृत्तपत्र 'जाम-ए-जहाँनुमा' त्याच्याही दहा वर्षं आधी, 1822 साली कोलकात्यात निघालं. 'दिल्ली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर यांना 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी ठार केलं. मौलाना आझाद यांनी 1912 साली 'अल-हिलाल' काढलं. मुंबईचा 'इन्किलाब' 1938 पासून निघतो आहे.

खबर आली की आधी तिची खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तर याचं शास्त्रच उभं केलं. कुणी कुणाकडून ऐकलं, सांगणारा माणूस विश्वासू आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, सनद मध्येच तुटते का, हे तपासल्याशिवाय रिवायत स्वीकारायची नाही. आज पत्रकारितेच्या वर्गात 'स्रोत तपासा' म्हणून जे शिकवतात, त्याचं तत्त्व हेच आहे.

नेमकं काय बदललं?

पूर्वी बातमी अनेक हातांतून जायची. वार्ताहर ती पाठवायचा, उपसंपादक तपासायचा, वृत्तसंपादक जागा ठरवायचा, मुद्रितशोधक शेवटची नजर टाकायचा. "हे कुणी सांगितलं? समोरच्याचं म्हणणं कुठे आहे?" असं मध्ये कुणीतरी विचारायचंच. चुका तेव्हाही व्हायच्या, पण त्या पकडायला माणसं होती.

आता एकच मुलगा किंवा मुलगी घटनास्थळी मोबाईलवर चित्रण करते, तिथेच बातमी लिहिते, व्हिडिओ कापते आणि अपलोडही करते. वेळ मिनिटांत मोजला जातो. यामागे पैशाचं कारण आहे. वर्तमानपत्र कधीच नुसत्या विक्रीवर चाललं नाही, ते जाहिरातीवर चाललं. त्या जाहिरातींचा मोठा वाटा गूगल, फेसबुक, यूट्यूबकडे वळला. 2020 च्या कोरोनाकाळात अनेक वृत्तपत्रांनी पानं कमी केली, आवृत्त्या बंद केल्या, माणसं कमी केली. म्हणजे तपासणाऱ्या नजरा घटल्या आणि बातम्यांचा लोंढा मात्र वाढला.

तपासणी गेली की किंमत कोण मोजतं?

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं. मार्च 2020 मध्ये तबलिगी जमातवरून वाहिन्यांवर जे चाललं, त्याचा त्रास गल्लोगल्ली हातगाडी फिरवणाऱ्या भाजीवाल्यालाही झाला. पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असं मानायला जागा आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि माध्यमांतल्या प्रचारावरही बोट ठेवलं. मार्चमधले मथळे आजही लोकांना पाठ आहेत. ऑगस्टमधला निकाल किती जणांना आठवतो?

नवं काम कोणतं?

म्हणूनच आज पत्रकारितेत ज्या कामाला किंमत आली आहे ते म्हणजे पडताळणी. 2017 साली सुरू झालेली 'ऑल्ट न्यूज' ही संस्था हेच करते. तिचे एक संस्थापक मोहम्मद झुबेर आधी नोकिया कंपनीत इंजिनिअर होते. जून 2022 मध्ये त्यांना अटक झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. म्हणजे हे काम महत्त्वाचं आहे आणि जोखमीचंही.

पडताळणी करतात कशी? समजा, 'अमुक गावात काल दंगल झाली' म्हणून एक फोटो आला. आधी तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघायचा. तोच फोटो चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात आलेला असेल तर तिथेच खोटं उघडं पडतं. मग दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट कोणत्या राज्याच्या आहेत, अंगावरचे कपडे या ऋतूतले आहेत का, हे पाहायचं. शेवटी त्या गावच्या पोलीस ठाण्याला आणि गावातल्या दोन-तीन माणसांना फोन करायचा. यात जादू काही नाही, चिकाटी लागते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. मार्च 2023 मध्ये 'आज तक'ने 'सना' नावाची संगणकाने तयार केलेली निवेदिका आणली. भाषांतर, सारांश, मथळे ही कामं यंत्र झपाट्याने करू लागलं आहे. नुसतं प्रसिद्धिपत्रक उतरवून काढणाऱ्याची नोकरी त्यामुळे धोक्यात आहे. पण यंत्र मोहल्ल्यात जात नाही, म्हाताऱ्या खालाजवळ बसून तिचं ऐकून घेत नाही, तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उत्तरासाठी खेटे घालत नाही. उर्दूत बोललेलं दुःख मराठी वाचकापर्यंत नीट पोचवायला दोन्ही भाषा जगलेला माणूस लागतो. आपल्या मुलांकडे ही दौलत घरातूनच येते, आणि आपण तिची गणती करत नाही.

शिकायचं कुठे?

बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, पदवी अभ्यासक्रमाला जाता येतं. मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी, म्हणजे पूर्वीचा बीएमएम, हा त्यातला माहितीचा. पदवीनंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विद्यापीठाचा विभाग आहे. 1965 साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आपल्या अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. दिल्लीत हीच संस्था उर्दू पत्रकारिताही शिकवते. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात हा विषय उर्दू माध्यमातून घेता येतो. दिल्लीच्या जामिया मिलियातलं जनसंचार केंद्र 1982 पासून आहे. छायाचित्रकार दानिश सिद्दीकी तिथलेच विद्यार्थी. रॉयटर्सच्या चमूसोबत त्यांना 2018 मध्ये पुलित्झर मिळालं. जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात काम करताना ते मारले गेले. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच माहिती पाहावी.

अभ्यासक्रमही आता नुसता 'बातमी कशी लिहावी' एवढा राहिलेला नाही. व्हिडिओ संकलन, पॉडकास्ट, सरकारी आकडेवारी वाचणं आणि कायदा हे सगळं येतं. बदनामी कशाला म्हणतात, अत्याचारपीडितेचं नाव का छापायचं नसतं, हे माहीत नसलेला यूट्यूबर स्वतःही अडचणीत येतो आणि दुसऱ्यालाही आणतो.

पैशाचं खरं-खरं

इथे गोड बोलून उपयोग नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो. तालुक्याच्या वार्ताहराला अनेकदा ठरावीक पगारच नसतो, उलट त्याच्याकडून पुरवणीसाठी जाहिराती आणण्याची अपेक्षा असते. जाहिरात देणाऱ्याविरुद्ध मग तो काय लिहिणार? म्हणून आमचा सल्ला असा की पत्रकारितेसोबत दुसरा एखादा विषय पक्का करावा. कायदा, अर्थशास्त्र, शेती, आरोग्य, आकडेवारी यांपैकी काहीही चालेल. विषयाचा जाणकार बातमीदार लवकर टिकतो. भाषांतर आणि व्हिडिओ संकलन येत असेल तर अडचणीच्या काळात घर चालतं.

मुलींबद्दल घरच्यांना जास्त काळजी वाटते. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये 2002 साली ग्रामीण बायकांनी 'खबर लहरिया' सुरू केलं. त्यात दलित, आदिवासी, मुस्लिम बायका आहेत. छापील अंकापासून सुरुवात करून आज त्या मोबाईलवर बातम्या देतात. रस्ता, पाणी, रेशन, पोलीस ठाणं हे त्यांचे विषय.

आपल्याकडेही नेमकी हीच जागा रिकामी आहे. मुस्लिम वस्तीची बातमी दंगल, निवडणूक किंवा ईद असेल तेव्हाच येते. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, शिष्यवृत्तीचे अर्ज कुठे अडकले, उर्दू शाळेत शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत, वक्फच्या जमिनीवर कोण बसलंय, हे विचारायला बाहेरून कुणी सहसा येत नाही. यातले काही प्रश्न आपल्याच मोठ्या लोकांना विचारावे लागतील, तेव्हा ते आवडणार नाहीत. तरी विचारले पाहिजेत. उद्या तुमच्या घरातली मुलगी हे विचारायचं म्हणाली, तर पगाराचा प्रश्न जरूर विचारा, पण तेवढ्यावर तिला गप्प करू नका.