घरातले 'अल', इंग्रजीतले 'द'

आमच्या कर्वेनगरात शाळकरी मुली इंग्रजी धीटपणे बोलतात. लिहायला बसल्या की मात्र 'द' आणि 'अ' गळतात, नाहीतर नको तिथे येतात. कारण साधे आहे. मराठी-उर्दूत अशी उपपदेच नाहीत. मग अम्मी-अब्बा हताश होतात : आपल्या घरातली मुले मागेच राहणार का? आम्हा शिक्षकांना तसे वाटत नाही.

मकतबात जाणाऱ्या मुलांच्या कानावर 'अल' रोज पडते. अरबीत 'किताब' म्हणजे एखादे पुस्तक. 'अल-किताब' म्हणजे ते ठरलेले पुस्तक. इंग्रजीतही असेच आहे. 'आय बॉट अ बुक' म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्याला ते पुस्तक नवे. पुढच्या वाक्यात ते ओळखीचे झाले, म्हणून 'द बुक'. 'अ' की 'अ‍ॅन' हे उच्चारावर ठरते : 'अ‍ॅन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

मात्र कॉफी आवडते असे सर्वसाधारण सांगताना अरबीत 'अल' लागते. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात. इंग्रजीत मात्र नुसते 'आय लाइक कॉफी'. इथेच मुले अडखळतात.

स्पॅनिशचे अरबीशी जुने नाते आहे. अंदलुसच्या काळात 'अल-कुत्न', म्हणजे कापूस, स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' झाला. आता त्याच्या आधी पुन्हा 'एल' लावतात!

तेव्हा पालकहो, मुलांना नियम घोकायला लावू नका. प्रत्येक नामापाशी एवढेच विचारा : "कोणते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का?"