विश्लेषण : रोटरीची साप्ताहिक सभा... जेवण, पाहुणा वक्ता आणि पुढे काय?

नाशिकमध्ये गंजमाळचा रोटरी हॉल ठाऊक नाही असा जुना माणूस क्वचितच सापडेल. नाशिक, नाशिक वेस्ट, ग्रेपसिटी असे अनेक रोटरी क्लब आज शहरात आहेत. डॉक्टर, सनदी लेखापाल, सातपूर-अंबडचे उद्योजक, वकील, बांधकाम व्यावसायिक, द्राक्ष बागायतदार अशी मंडळी ठरलेल्या दिवशी एकत्र येतात, जेवतात आणि एका पाहुण्याचे भाषण ऐकतात. बाहेरच्या माणसाला हा सुखवस्तू लोकांचा जेवणावळीचा कार्यक्रम वाटतो. मात्र जगभर शंभरहून अधिक वर्षे ही प्रथा टिकली, आणि भारत पोलिओमुक्त होण्यात तिचाही वाटा आहे. ही सभा नेमकी कशी चालते, तिचा शहराला उपयोग काय आणि ती आता आक्रसते आहे का, याविषयी...

प्रथा कुठून आली?

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना एकत्र आणले. गुस्ताव्ह लोहर हे खाण अभियंता, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी आणि हायरम शोरी हे शिंपी. व्हरमाँटच्या लहान गावात वाढलेल्या हॅरिस यांना शिकागोत ओळखी कमी असल्याची खंत होती. गावातल्यासारखी मैत्री शहरातही असावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. सभा आळीपाळीने एकेका सदस्याच्या कार्यालयात भरत, म्हणून नाव पडले ‘रोटरी’. १९०९ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्नियातील ओकलंड क्लबने दर आठवड्याला भेटण्याची प्रथा घातली आणि तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. दुपारचे जेवण सोयीचे पडे. व्यापारी माणसाला जेवायला वेळ काढावाच लागतो, मग तोच वेळ सभेला का नको, हा त्यामागचा साधा हिशेब.

भारतात पहिला क्लब कोलकात्यात आला, त्याला १९२० मध्ये सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ चा. मंगळवारची दुपारची सभा ही त्या क्लबची ओळख. इतरत्र मात्र, विशेषतः मध्यम आकाराच्या शहरांत, दुकान किंवा दवाखाना आटोपल्यावर रात्री भेटणे सोयीचे पडते. तेथे दुपारच्या जेवणाची जागा रात्रीच्या स्नेहभोजनाने घेतली.

सभेत नेमके काय होते?

अध्यक्ष घंटा वाजवतात आणि सभा सुरू होते. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना, सचिवांच्या घोषणा, वाढदिवसांच्या शुभेच्छा, दुसऱ्या क्लबातून आलेल्या पाहुण्यांचे स्वागत असा क्रम असतो. शिस्त राखण्याचे काम ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’ या पदाधिकाऱ्याकडे. उशिरा येणाऱ्याला गमतीचा दंड ठोठावण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. त्यानंतर एक सदस्य वक्त्याचा परिचय करून देतो. भाषणाला साधारण वीस ते तीस मिनिटे, मग प्रश्नोत्तरे. आभार मानण्याचे काम दुसऱ्याच सदस्याकडे दिले जाते. परिचय आणि आभार यांसाठी वेगवेगळी माणसे निवडल्याने नवख्या सदस्यांनाही व्यासपीठावर बोलण्याची सवय होते. पुन्हा घंटा वाजली की सभा संपली.

या चाकोरीला एक वैचारिक आधार आहे. हर्बर्ट टेलर या उद्योजकाने १९३२ मध्ये डबघाईला आलेली कंपनी सावरताना कर्मचाऱ्यांसाठी चार प्रश्नांची कसोटी तयार केली. जे बोलतो ते सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव वाढेल का आणि सर्वांचे हित होईल का, असा तिचा आशय. रोटरीने ती १९४३ मध्ये स्वीकारली. अनेक सभांत ती आजही सामूहिकपणे म्हटली जाते.

हजेरीचा एवढा आग्रह कशासाठी?

सुरुवातीच्या काळात एका व्यवसायाचा एकच सदस्य असा नियम होता. त्यामुळे टेबलावर शेजारी बसणारा माणूस वेगळ्या धंद्यातला असणार, हे निश्चित. शल्यविशारदाला यंत्रसुटे भाग बनवणाऱ्याच्या अडचणी कळतात, कारखानदाराला शाळेच्या मुख्याध्यापकांच्या. हे एका भेटीत घडत नाही, म्हणून हजेरीला महत्त्व. गावाबाहेर असलेला सदस्य तेथील क्लबच्या सभेला बसून आपली गैरहजेरी भरून काढू शकतो. याला ‘मेकअप’ म्हणतात. नाशिकचा रोटेरियन कामासाठी कोल्हापूरला किंवा कोपनहेगनला गेला, तरी त्याला बसायला एक टेबल मिळते ते यामुळेच.

भाषणातून काम कसे उभे राहते?

शिकागोच्या क्लबचे पहिले मोठे सार्वजनिक काम होते ते स्वच्छतागृहांचे. शहरात सर्वांसाठी स्वच्छतागृह हवे, या मागणीसाठी १९०७ मध्ये क्लबने इतर संस्थांना सोबत घेऊन पाठपुरावा केला. मैत्रीसाठी जमलेले लोक शहराच्या गैरसोयीबद्दल बोलू लागले की काय होते, याचे हे उदाहरण.

आजचा मार्ग ठरलेला आहे. वक्ता एक प्रश्न मांडतो, समजा आदिवासी पाड्यावरील पाण्याचा. सदस्यांपैकी कुणी अभियंता, कुणी भूजलाचा जाणकार निघतो. विषय संचालक मंडळापुढे जातो, समिती नेमली जाते, पाहणी होते. खर्च लहान असेल तर क्लब आणि प्रांत मिळून तो उचलतात. नाशिकचे क्लब रोटरीच्या ३०३० या प्रांतात येतात आणि त्याच्या प्रमुखाला मराठीत ‘प्रांतपाल’ म्हणतात. काम मोठे असेल, तर रोटरी फाउंडेशनचे ‘ग्लोबल ग्रँट’ मिळू शकते. त्यासाठी प्रकल्पाचा किमान खर्च ३० हजार डॉलर असावा लागतो आणि दुसऱ्या देशातील क्लबची भागीदारी आवश्यक असते. या फाउंडेशनची कल्पना १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी मांडली. त्यात आलेली पहिली देणगी होती अवघी साडेसव्वीस डॉलरची.

सर्वांत मोठे उदाहरण कोणते?

पोलिओ. १९७९ मध्ये फिलिपिन्समधील लाखो बालकांच्या लसीकरणापासून रोटरीने सुरुवात केली. १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ मोहीम आली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींसह जागतिक निर्मूलन कार्यक्रम उभा राहिला. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ते ४२ वर आले, २०११ मध्ये केवळ एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला तो शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. डोस पाजण्याचे मुख्य काम सरकारी यंत्रणेचे आणि आशा-अंगणवाडी सेविकांचे होते, हे विसरता येणार नाही. मात्र निधी, प्रचार आणि पोलिओ रविवारी बूथवर उभे राहणारे हात क्लबांनी पुरवले.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप दाराबद्दलचा. रोटरीचे दार महिलांसाठी ८० हून अधिक वर्षे बंद होते. कॅलिफोर्नियातील दुआर्ते क्लबने महिलांना सदस्य केले, तेव्हा त्या क्लबची सनदच काढून घेण्यात आली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये जगभरासाठी नियम बदलला. जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष २०२२-२३ मध्ये झाल्या. तोवर सदस्यांच्या पत्नींची ओळख ‘ॲन’ एवढीच असे. त्यांच्या कर्तृत्वाला वाव मिळाला तो १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेल्या ‘इनर व्हील’मध्ये.

दुसरा आक्षेप श्रोत्यांबद्दलचा. नाशिकला व्याख्यानांची स्वतःची परंपरा आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० चे. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. मे महिन्याच्या संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर कुणीही यावे, बसावे, ऐकावे. पुण्यात १८७५ मध्ये अशी व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मही नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. घाटावर भाजीविक्रेता आणि प्राध्यापक एकाच वक्त्याला ऐकतात, क्लबच्या सभेत वर्गणी भरणारेच ऐकतात. हा फरक खरा आहे. मात्र घाटावरचा श्रोता भाषण संपल्यावर घरी जातो. क्लबच्या श्रोत्याने काहीतरी करावे, ही अपेक्षा नियमांतच आहे. ती पूर्ण होत नसेल, तर बंद दाराचे समर्थन करणे कठीण.

साप्ताहिक सभा टिकेल का?

२०१६ मध्ये रोटरीने नियम सैल केले. आता महिन्यातून किमान दोन सभा पुरतात, त्या ऑनलाइनही घेता येतात. करोनाकाळात पडद्यावरच्या सभांनी दूरच्या वक्त्यांना ऐकणे सोपे केले. तरुण व्यावसायिकांना आठवड्याची एक संध्याकाळ काढणे जड जाते, हे वास्तव आहे. पण भेटी विरळ झाल्या की ओळख पातळ होते आणि समितीचे काम त्याच चार जणांवर पडते, हेही तितकेच खरे.

तुम्हाला बोलायचे असेल तर?

शाळा, रुग्णालय किंवा संस्था चालवणाऱ्यांसाठी ही सभा उपयोगाची आहे. क्लबला दर सभेसाठी वक्ता शोधावा लागतो, त्यामुळे अध्यक्ष किंवा सचिवांना पत्र पाठवले तर ते वाचले जाण्याची शक्यता चांगली. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि पदाधिकारी दरवर्षी बदलतात. म्हणून पदग्रहणानंतरच्या पहिल्या महिन्यांत संपर्क केलेला बरा, मंजूर झालेले काम त्याच वर्षात पुरे होते. भाषणात संस्थेचा इतिहास कमी आणि एकच प्रश्न नेमका सांगावा : किती मुले, किती अंतर, किती खर्च आणि पुढची देखभाल कोण करणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तर मिळालेले यंत्र वर्षभरात कोपऱ्यात पडते. ते उत्तर तयार असेल, तर जेवण संपेपर्यंत कुणीतरी तुमचा फोन नंबर मागायला येते.